पाणदेव

उद्धवनं नकाशा तिसऱ्यांदा उलटासुलटा करून पाहिला. मोजणीच्या वेळी रोवलेला उंचीच्या खुणेचा दगड नाल्याच्या काठी, बाभळीपासून चाळीस फुटांवर असायला हवा होता. बाभूळच नव्हती.

वलगावपासून चालून त्याचे पाय भरून आले होते. खिशात राजीनामा होता. चार दिवसांपूर्वीच लिहिला होता, फक्त तारीख घालायची राहिली होती. हे शेवटचं काम उरकायचं आणि अकोल्याला वडिलांच्या हाताखाली वकिली शिकायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दोन वर्षांच्या नोकरीत ना एक पूल बांधला, ना हातभर कालवा खणला. नुसत्या जुन्या खुणा शोधत उन्हात हिंडायचं. म्हणे इंजिनिअर!

"अकरा वर्सं झाली सायेब," कोतवाल पुंजाजी म्हणाला. "तवाबी असाच एक इंजिनेर आलता. तलाव होईन म्हने. दगड रोवला न् कागद नागपूरले गेले. मंग राज्यच बदललं. आता कागद मुंबईले हायेत म्हनतात."

"त्या इंजिनिअरचं पुढं काय झालं?"

पुंजाजी तंबाखू मळत राहिला. "दरसाल यायचा बिचारा. लोक इचारत, पानी कवा? काय सांगन तो? मंग नोकरी सोडली त्यानं."

शहाणा होता, उद्धवच्या मनात आलं.

"पण दगड कुठाय?"

"तुमी दगड दगड काहून करून राहिले? पाणदेव म्हना. चला."

नाल्याच्या वळणावर टिनाच्या छपराखाली एक ओटा होता आणि ओट्यावर शेंदरानं माखलेला दगड. दाढीवाले एक बुवा ओटा धूत होते. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, एक डोळा मिटून ते कुठं वाहतं ते पाहिलं.

"डावीकडं जरा उतरतं," ते पुंजाजीला म्हणाले. "गवंड्याला सांग."

उद्धवनं नकाशा मिटला. "तुम्ही दगड उचलून ओट्यावर बसवलात. आता त्याचा काय उपयोग? जागचा हलला की उंची चुकली."

"हलवलेला नाही," बुवा शांतपणे म्हणाले. "ओटा भोवतीनं बांधला."

त्यांनी तेलाचं बोट घेऊन दगडाच्या उत्तरेकडच्या अंगाला चोळलं, नखानं शेंदूर खरवडला. छिन्नीनं कोरलेला मोजणीचा बाण वर आला. रोज आंघोळ घालणाऱ्याला देवाचं अंग ठाऊक असणारच, असं उद्धवला वाटलं.

"माझे साहेब नुसतं माझं ऐकायचे नाहीत. पहिल्यापासून पाहिलेल्या माणसानं लिहून द्यावं लागेल."

"मी देतो."

उद्धवनं पिशवीतून अकरा वर्षांपूर्वीच्या मोजणीची जुनी वही काढली. शेवटचं पान कोरं होतं. बुवांनी धोतराला हात पुसले, मग वही घेतली. बराच वेळ ती नुसती हातात धरली.

"वाळवी लागली आहे," ते म्हणाले.

"सगळ्यालाच लागली आहे," उद्धव म्हणाला. ओळख ना पाळख, तरी तो बोलून गेला, "मी हे सोडतोय, बुवा. घरी वाटतं मुलगा धरणं बांधतो. मी काहीच बांधत नाही."

बुवांनी मान हलवली. समजूत काढली नाही.

"सोडा. पण मग इकडं फिरकू नका."

"का?"

"पाणी आलं का, एवढंच बघून जाऊ म्हणून माणूस येतो, आणि इथंच राहतो." त्यांनी पेन मागितलं, चार ओळी लिहिल्या, सही केली, वही मिटून परत दिली. "लोक दगडाला विचारू लागले होते, पाणी कवा. कुणीतरी उत्तर द्यायला बसायला हवंच ना."

उद्धवला ते बुवाबाजीचं बोलणं वाटलं. त्यानं उंची मोजायची लेव्हल लावली, आकडे उतरवले, नमस्कार केला आणि वलगावची वाट धरली.

एस.टी.ला अजून तासभर होता. थांब्यावरच्या दगडावर बसून त्यानं राजीनामा काढला, खाली टेकण म्हणून वही घेतली. पेन उघडलं. बुवांनी काय लिहिलंय ते पाहावं म्हणून त्यानं शेवटचं पान उघडलं. दगड मूळ जागी आहे, असं रेखीव अक्षरात लिहिलं होतं. खाली सही, आणि सहीखाली ओढलेल्या दोन आडव्या रेघा.

त्या रेघा कुठंतरी पाहिल्यासारख्या वाटल्या. त्यानं पानं मागं उलटत नेली.

पहिल्या पानावर, सन १९५३च्या तारखेखाली, मोजणी करणाऱ्या इंजिनिअरची तीच सही होती.