ठकीचा जबाब

"अहो, ही बाहुली जप्त कसली करताय?" समुपदेशक नलिनीताईंचा आवाज चढला.

"मॅडम, जबाब हिच्यात आहे. म्हणजे ही मुद्देमाल झाली," फौजदार इंगवले शांतपणे म्हणाले. त्यांनी ठकीला पारदर्शक पिशवीत घातलं आणि लाखेचं सील मारलं.

सहा वर्षांच्या इराने घडलेलं सगळं एकदाच, ठकीच्या कानात सांगितलं होतं. यापुढे डॉक्टरांना, पोलिसांना, कोर्टाला ठकीच उत्तरं देणार होती. पोरीला तेच तेच सांगावं लागू नये, म्हणून तर ही बोलकी यंत्रबाहुली या बालसाहाय्य केंद्रात आणली होती.

"मग कॉपी काढून घ्या ना! तिला झोपताना ठकी लागते हो."

"कॉपी कोर्टात चालत नाही."

"त्यांचंही बरोबर आहे," केंद्राच्या डॉक्टर पुटपुटल्या.

नलिनीताईंचा नुसता तिळपापड झाला. भांडायचं तरी कोणाशी? इथे जो तो बरोबरच होता.

दारात इरा येऊन उभी राहिली होती. तिने पिशवीतल्या ठकीकडे पाहिलं.

"ठकीने खरं सांगितलं ना?"

"हो बाळा. सगळं खरं सांगितलं," नलिनीताई म्हणाल्या.

"मग तिला का पकडलं? शेजारचे काका तर घरीच आहेत."