साठ किलो

वजनाचा बार जमिनीवरून सुटला, गुडघ्यांपर्यंत आला आणि तिथंच अडला. मनिषानं मुठी आवळल्या.

"श्वास सोडू नका आक्का," भरमा म्हणाला. "पायांनी जमीन ढकला."

तिनं जमीन ढकलली. बार मांड्यांना घासत वर आला आणि ती ताठ उभी राहिली.

"आता खाली. सावकाश. टाकायचा न्हाय."

वडगावातल्या एका बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये भरमाची जिम होती. फरशीत मागांचे बोल्ट अजून तसेच होते, सगळे ते ओलांडून चालत. भिंतीवर पाटी होती. प्रत्येकानं आपल्या नावापुढं गाठायचा आकडा लिहायचा. ज्या दिवशी माणूस यायचा नाही, त्या दिवशी भरमा नावाखाली फुली मारायचा. साडेचार महिन्यांत मनिषाच्या नावाखाली एकही फुली नव्हती. ताप होता तेव्हासुद्धा ती येऊन बाकावर बसून गेली होती. आकडा होता अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्नाच्या प्लेटा जुळत न्हाईत म्हणून साठ लावले," भरमा म्हणाला. "दोन किलो फुकट. पण आक्का, लोकं पन्नास लिहित्यात, शंभर लिहित्यात. तुमचं अठ्ठावन्न कुठलं?"

"आमच्या आप्पाचं वजन हाय ते."

भरमा हसणार होता, पण हसला नाही. खडूनं त्यानं त्या आकड्याभोवती गोल काढला.

"बार येगळा, माणूस येगळा," तो म्हणाला. "माणूस लोंबतोय. छातीला लावून घ्या."

ती घरी आली तेव्हा तिचे वडील, आप्पा, जागे होते. छताकडं बघत होते. खाटेपासून दोन हातांवर शौचाची खुर्ची होती. पावसाळ्यात न्हाणीच्या दारात त्यांना उचलताना ती त्यांच्यासकट पडली होती. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ शेजारचा नागोजी यायचा. पाय रोवायचा, "आई गं" म्हणून कण्हायचा आणि आप्पांना उचलून खुर्चीत ठेवायचा. "लई जड हाईस आप्पा. भात कमी खा," म्हणायचा. आप्पा म्हणायचे, "तुझ्या घरचा खातोय व्हय रं?"

सोमवारपासून नागोजी बोरगावला कामाला जाणार होता. आज रविवार. काल संध्याकाळी त्याला यायला उशीर झाला होता. आप्पांनी दोन तास धरून ठेवलं, मग त्यांना धरवलं नाही. ती चादर बदलत होती तोवर ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. रात्री जेवले नाहीत.

"नागोजी आला न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"आज मी उचलणार."

"परत पडशील."

"न्हाय पडत. आज साठ किलो उचललं मी."

"कशाचं?"

"लोखंडाचं."

"लोखंडाचं बरं असतंय," आप्पा म्हणाले. "त्येला लाजायला लागत न्हाय."

तिनं खाट भिंतीपासून ओढून घेतली. त्यांना बसतं केलं, त्यांचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि त्यांच्या पाठीमागं आपले पंजे अडकवले. अठ्ठावन्न हा आकडा दवाखान्याच्या कार्डावरचा होता. त्यानंतर वजन झालंच नव्हतं. ज्याला उभं राहता येत नाही, त्याला काट्यावर कोण चढवणार? आप्पा वाळले होते, ते अंग पुसताना तिला रोज दिसत होतं. पण हाडं जड असतात, असं ती धरून चालली होती.

तिनं पाय फाकवले. पाठ सरळ केली. श्वास कोंडला आणि साडेचार महिन्यांचा सगळा जोर लावून जमीन ढकलली.

आप्पा वर आले. मागावरचा बीम भरलेला समजून उचलावा आणि त्यावर सूतच नसावं, तशी ती दोन पावलं मागं गेली. पाठ कपाटावर आदळली. आतली भांडी वाजली.

ती पडली नाही. तशीच कपाटाला टेकून उभी राहिली. आप्पांचे पाय जमिनीच्या वर लोंबत होते. तिच्या दंडांतला जोर तसाच शिल्लक होता, त्याला कुठं जायला जागा नव्हती. नागोजी तिच्या दुप्पट अंगाचा गडी. साडेचार महिने, दिवसातून दोनदा, एवढंसं ओझं उचलताना तो कण्हत आला होता.

"मनी," तिच्या कानाशी आप्पा म्हणाले, "झेपलं न्हवं?"

तिनं त्यांना छातीशी घट्ट धरलं.

"आई गं," ती कण्हली. "लई जड हाईस आप्पा."

आप्पांनी हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली.

"नागोजीबी असंच कण्हतोय," ते म्हणाले. "पर तुला त्येच्यापेक्षा बरं जमलं."