मुकी घरं

अब्दुल गनींचा कोट खुंटीला होता आणि अब्दुल गनी शाळेमागे संध्याकाळची मगरिबची नमाज पढत होते. कडूबाने कोटाच्या खिशात हात घातला. जुना माउथ ऑर्गन बाहेर आला, कडांचा मुलामा उडालेला. त्याच्या जागी त्याने आपला, गेल्या वर्षी अकोल्याहून आणलेला नवा बाजा सरकवला. खिसा हलका लागायला नको. दोन्ही दहा घरांचे, म्हणजे फुंकायच्या दहा भोकांचे, एकाच मापाचे. आपलं वाजवून झालं की गुपचूप पुन्हा बदलायचे, एवढंच.

बाहेर बुलढाण्याच्या त्या शाळेचं मैदान भरलं होतं. नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली, त्याचा कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राचे मालक वामनराव बसले होते. त्यांना माउथ ऑर्गनवाला हवा होता, एकच. कडूबा आणि अब्दुल गनी, दोघांनी एकच चाल वाजवा, मुलीच्या पाठवणीची, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे फरक कळतो. निवड झाली नाही तर कडूबाला सोमवारपासून काकांच्या कांद्याच्या गाळ्यावर बसायचं होतं. काकांनी ते चारचौघांत बजावलं होतं आणि तोंडाने पिपाणी वाजवून दाखवली होती.

त्या चालीच्या मधोमध सूर वर चढतो. अब्दुल गनी तिथे चढत नसत. ते एकदम खाली उतरत, श्वास आत ओढत आणि सूर असा वाकवत की बायका डोळ्यांना पदर लावत. कडूबाने वर्षभर तेच आपल्या बाजावर करून पाहिलं होतं. त्याचा सूर वाकायचा, पण रडायचा नाही. गुण बाजाचाच असणार, असं मग त्याने मनाशी पक्कं केलं. तो बाजा अब्दुल गनींना महायुद्धाच्या वेळी, आसामात रस्त्याच्या कामावर, एका काळ्या अमेरिकन शिपायाने दिला होता. वाजवायची रीतही त्याचीच. अब्दुल गनी तो कुणाच्या हाती देत नसत आणि दुसऱ्याच्या बाजाला ओठ लावत नसत. तोंडाची वस्तू आहे, म्हणत.

फुंकून पाहायची सोय नव्हती. आवाज शाळेमागे गेला असता. तेवढ्यात कडूबाचं नाव पुकारलं गेलं.

सुरुवात छान झाली. जुन्या बाजाचा आवाज जाड आणि किंचित फाटका होता. मैदान गप्प झालं. वामनरावांचा अडकित्ता सुपारीवर थांबला. चाल चढू लागली. असा बाजा हाती आहे तर आपण चढायचंही आणि वाकवायचंही, असं कडूबाने ठरवलं होतं. तो पाचव्या घरावर आला आणि त्याने श्वास आत ओढला.

नुसती हवा आली.

त्याने जोर लावला. सहावं घर धरलं. तिथेही हवाच. लाउडस्पीकरमधून दमेकऱ्याचा असावा तसा श्वास मैदानभर घुमला.

मागून कुणीतरी विचारलं, "पंक्चर झालं काय बे?" आणि सगळे हसले.

कडूबाचं लक्ष हसण्याकडे नव्हतं. ही घरं आज बिघडलेली नव्हती. अब्दुल गनी दर वेळी जिथून खाली उतरत, ती हीच जागा होती.

वामनराव धोतर झटकत उभे राहिले. निवेदकाने घाईघाईने दुसरं नाव घेतलं. अब्दुल गनी कोटाची बटणं लावत पायऱ्या चढले. कडूबा मुठीत बाजा धरून तिथेच उभा. बदलायला आता वेळच नव्हता. अब्दुल गनींनी खिशातून हात काढला आणि तळव्यावरच्या चकचकीत बाजाकडे पाहिलं. मग कडूबाकडे, मग त्याच्या मुठीकडे. सगळ्या गावासमोर आता विचारतील, असं त्याला वाटलं. पण त्यांनी रुमालाने तो बाजा पुसला, क्षणभर थांबले आणि तोंडाला लावला.

कडूबा पडद्याआड गेला. त्या बाजाचं पाचवं आणि सहावं घर खणखणीत होतं. सकाळीच त्याने वाजवलं होतं. आज अब्दुल गनीचाचा चढणार, बायका कोरड्या डोळ्यांनी घरी जाणार, हेही आपल्यामुळेच. चाल चढू लागली.

अब्दुल गनी खाली उतरले. त्याच जागी, तसेच. त्याच्याच बाजातून तो सूर वाकत, ओढ घेत निघाला, आणि मैदानात कुणी खोकलंसुद्धा नाही. कडूबाने फटीतून पाहिलं तेव्हा वामनराव पुन्हा बसले होते.

टाळ्या सरल्यावर त्यांचा माणूस आत आला आणि चाचांना मालक बोलावतात, म्हणून सांगून गेला. अब्दुल गनींनी कडूबापुढे हात केला. त्याने जुना बाजा त्यांच्या हातावर ठेवला. माफी मागायची होती, पण निघालं भलतंच.

"चाचा, माह्या बाजात पाचवं-सहावं तं चालू होतं. तरी तुमी खालीच उतरले. काऊन?"

"चालू होतं?"

"हाव."

अब्दुल गनींनी जुन्या बाजाच्या त्या दोन घरांवर अंगठा फिरवला. "त्या शिपायानं मले हा देला तवाच ते दोन घरं मुके होते," ते म्हणाले. "मी तिकडं कधी गेलोच नाही."

कडूबाचा नवा बाजा अजून त्यांच्या डाव्या हातात होता. त्यांनी तो तोंडाला लावला, पाचवं घर चाचपलं आणि हळूच श्वास आत ओढला.

सूर लगेच आला. सरळ, स्वच्छ, काही न करता.

त्यांनी बाजा झटकन तोंडापासून दूर धरला. बत्तीच्या उजेडात ते त्या घराकडे बघत राहिले. बाहेर त्यांचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं जात होतं.

"एवढाच असते काय बे हा सूर?"