सड्यावरचा माणूस

गवत-माती झाडून बाजूला झाली आणि कातळात कोरलेला माणूस उघडा पडला. दोन पाय, कंबर, खाली सोडलेले हात. पाय कालच दिसले होते; डोकं अजून मातीत होतं.

प्रभावती कमरेवर हात ठेवून बघत होती. हा सडा, डोंगरमाथ्यावरचं कातळी माळरान, तिचा. इथं काही पिकत नाही, म्हणूनच तो बौद्धवाडीतल्या तिच्या सासऱ्याच्या वाट्याला आला होता. मागे अशीच टेप घेऊन माणसं आली आणि खालच्या वाडीची जमीन रस्त्यात गेली. आता ही कातळावरची जुनी चित्रं शोधत, मोजत आलेली पुण्याची मुलगी, राही. एवढं गोड बोलते म्हणजे काहीतरी असणारच.

"मावशी, कदाचित दहा हजार वर्षांचं असेल हे! आपल्या देशाचा इतिहास इथून सुरू होतो."

"आणि संपतो कुठं? मोजणीच्या हापिसात?"

राही हसली. प्रभावती हसली नाही.

तेवढ्यात पायवाटेने सदूभाऊ वर आले. देवळाचे मानकरी. आजवर ते या सड्याकडे फिरकले नव्हते. आज हातात नारळ होता. चपला काढून ते कातळावर आले.

"हा आमचा मूळपुरुष," ते म्हणाले. "गावचा राखणदार. इथं घुमटी बांधू. तुझी हरकत नसणारच, प्रभावती."

"काल मातीतून वर आला, आणि आज तुमचा पूर्वजपण झाला?" ती राहीकडे वळली. "बाय, ह्याची जात काय गो?"

"तेव्हा जात नव्हती, मावशी. शिकार करणारी, मासे धरणारी माणसं ती."

"मग हा कोणाचा?"

"सगळ्यांचा."

सदूभाऊंनी लगेच मान डोलावली. "तेच म्हणतोय मी. सगळ्यांचा."

दोघं एकाच शब्दावर आली, तशी प्रभावती सदूभाऊंकडे वळली.

"गावची विहीरपण सगळ्यांचीच होती, सदूभाऊ. माझी सासू घागर घेऊन लांब उभी राहायची. कोणी वरून ओतील तेव्हा पाणी."

सदूभाऊ समुद्राकडे बघू लागले.

प्रभावती कोरलेल्या पायांशेजारी जाऊन उभी राहिली. पदर खोचून घेतला.

"फोटो काढ, बाय. मला धरून काढ."

राहीने कॅमेरा उचलला. "जरा इकडे बघा ना, मावशी."

पण सदूभाऊ फोटोच्या बाहेर सरकेपर्यंत प्रभावतीने त्यांच्यावरची नजर काढली नाही.