भाच्याचा मान

इस्तारीमामा पुन्हा धनराजच्या पाया पडले. बॉल अडवताना त्यांचा पाय भाच्याच्या पोटरीला लागला होता, आणि विदर्भातल्या झाडीपट्टीत भाच्याला पाय लागणं म्हणजे पाप. मामाने आधी वाकायचं, बाकीचं मग. मामा वाकले तेवढ्यात धनराज बॉल घेऊन पुढे सटकला. पुढे दुसरे मामा उभे होते. त्यांनी पाय लावायची जोखीमच घेतली नाही. लांबूनच हात जोडले आणि वाट दिली.

सावली गावाजवळच्या, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत सामना चालला होता. एकीकडे धनराजचं गाव, दुसरीकडे नदीपल्याडचं चिचखेडा, म्हणजे त्याच्या आईचं माहेर. त्या संघात सख्खे, चुलत, मानलेले असे सगळे मामाच मामा. पन्नाशीचे इस्तारीमामा त्यांचे कप्तान. रेफरी सायकलवाले नूर मोहम्मद. शिट्टी त्यांची होती, म्हणून रेफरीही तेच. पाया पडणं फाऊल धरावं की नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते दर वेळी शिट्टी तोंडात धरत आणि काढून घेत.

धनराज फुटबॉलवरच पोट भरणारा गडी. गोवा, कोलकाता, ऐझॉल, कोझिकोड. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. दर दोन वर्षांनी नवा क्लब, नवी जर्सी, नवी भाजी. खेळायचा मधल्या फळीत. मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना नेऊन द्यायचा. गोल पुढचे मारत, फोटो पुढच्यांचे छापून येत. उभ्या जन्मात त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. गावात पारावर हे कोणाला पटायचं नाही.

"गोलच नाई मारत, तर पगार काऊन देतात तुले?" लोक विचारत.

आता गुडघा कुरकुरायला लागला होता. हा त्याचा शेवटचा सामना, आणि त्याची आई गोकुळाबाई त्याला पहिल्यांदाच खेळताना बघत होती. सकाळी ताटात भात वाढता वाढता ती म्हणाली होती, "माह्या डोळ्यादेखत एक तरी मार बापा. बायाइले सांगाले तोंड नाई राह्यलं मले."

म्हणून ती बांधावर अगदी पुढे बसली होती आणि स्वतःच्या भावांना दम भरत होती. "ए इस्तारी! भाचा हाये! पाय नको लावू, पाप लागंन!" शेजारी धनराजची थोरली बहीण रोशनी शेंगा सोलत होती. तिचं सासर चिचखेडाच. कोणाच्या बाजूने ओरडावं हे न कळल्यामुळे तिने शेंगांवर लक्ष ठेवलं होतं.

पण सवय मोठी वाईट. पूर्वार्धात धनराज तीनदा गोलसमोर पोचला आणि तिन्ही वेळा त्याने बॉल शेजारच्या सुरेंद्रला दिला. सुरेंद्रने तो तिन्ही वेळा बाजूच्या धानाच्या तणसाच्या ढिगात घातला. "दुसऱ्याले नको देऊ रे, मेल्या!" गोकुळाबाई बांधावरून किंचाळली.

मध्यंतरात इस्तारीमामांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला, धनराजकडे बघून गालातल्या गालात हसले आणि आपला गोलकीपर बदलला. नवा गडी उंचापुरा होता. धुळीसाठी त्याने डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळला होता. रोशनीचं शेंगा सोलणं थांबलं.

सामना संपायला आला तरी दोन्हीकडे भोपळाच. तेवढ्यात बॉल धनराजच्या पायाशी आला. एक मामा वाकले, दुसरे वाकले, तिसरे आधीच वाकून बसले होते. सुरेंद्र बाजूने हाका मारत होता. जन्मात पहिल्यांदा धनराजने कोणालाच बॉल दिला नाही.

गोलकीपर पुढे झेपावला. धनराजने बॉल हलकेच त्याच्या बाजूने काढला. त्या गडबडीत त्याचा बूट गड्याच्या खांद्यावर बसला आणि गडी आडवा झाला. गोल मोकळा होता. बॉल हातभर अंतरावर थांबला होता. नुसता अंगठा लावायचा बाकी होता.

"मार!" गोकुळाबाई उठून उभी राहिली.

खाली पडलेल्या गड्याचा दुपट्टा सुटला. "मामा," तो खांदा चोळत म्हणाला, "मी सोनू."

रोशनीचा सोनू! धनराजने त्याला शेवटचा पाहिला तो मांडीवर लाळ गाळताना. गावोगाव हिंडण्याच्या नादात भाचा कधी वाढला, हे त्याला कळलंच नव्हतं. मिसरूड फुटलं होतं पोराला.

गोकुळाबाईचा हात तोंडाशी गेला. नातवाला तिने आता ओळखलं. सगळे मामा आज पहिल्यांदाच ताठ उभे होते.

इस्तारीमामांनी खर्रा थुंकला. "काय गा धनराज, पाप का फक्त आमालेच लागते?"

धनराजने मोकळ्या गोलकडे पाहिलं. देशभरच्या मैदानांत त्याने कितीतरी लोकांना लाथा घातल्या होत्या आणि एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. गोकुळाबाई रडकुंडीला आली होती. दोन्ही डोळे गच्च मिटून ती म्हणाली, "पड बापा, पाया पड."

धनराज वळला आणि वाकला.

"सुखी राहा मामा," म्हणत सोनूने एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बॉल पोटाशी ओढून घेतला.