ढमीची शिकवणी

ढमी मांजरीने टेबलावरच्या मखमली कोटावर उडी घेतली, पुढचे दोन्ही पंजे रोवले आणि मस्तपैकी आळस दिला. अस्तर टर्रकन फाटलं.

"मेले, थांब, बघतेच तुला!" शिलाई मशीनवरून उठत तिने पायातली चप्पल उपसली. संध्याकाळी कोट न्यायला नाटक कंपनीच्या बाई येणार होत्या. कोट पसंत पडला तर अख्ख्या नव्या नाटकाचे कपडे तिच्याकडे, शिवाय कंपनीच्या शिवणखोलीत रोजचं काम. आणि ही भवानी त्याच कोटावर नखांना धार लावत बसली होती.

नवऱ्याने तिचा हात वरच्यावर धरला.

"हात उगारायचा नाही. मग ती तुझ्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही." त्याने खिशातून छोटा रिमोट काढून बटण दाबलं. टेबलाखाली त्याने बसवलेला भोंगा कर्कश वाजला. ढमी ताडकन उडाली आणि थेट त्याच्याच पायांत येऊन लपली. त्याने तिला उचलून घेतलं. "अगं माझं बाळ ते! कोण घाबरवतंय माझ्या बाळाला?" ढमी डोळे मिटून घुरघुरायला लागली.

"वा! भोंगा वाजवणारे तुम्हीच, आणि बाळही तुमचंच!" तिला हसू आवरेना.

"तीच तर गंमत आहे. शिक्षा व्हायला हवी, पण केली कुणी ते कळता कामा नये. आणि लगेच जवळ घ्यायचं. कोटाचा नादही सुटतो आणि आपल्यावरचा जीवही उडत नाही."

काय बाई हा माणूस, असं तिच्या मनात आलं. नवरा इलेक्ट्रिशियन. दिवसभर लोकांच्या घरातल्या वायरी ओढून दमून यायचा, पण घरात कधी चिडचिड नाही. नशीब वाईट होतं ते तिच्या मशीनचं. मोठं काम आलं की ऐन शेवटाला ते बंद पडायचं. दवाखान्याचे एप्रन असेच गेले, शाळेच्या बँडचे गणवेशही. बिचारा तोंडात टेस्टर धरून तासन्‌तास बोर्ड उघडून बसायचा. "वायरिंगच जुनं आहे गं. लोकांच्या घरी उजेड पाडतो, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा!" मग स्वतः चहा करायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. "जाऊ दे. नको एवढा जिवाला त्रास करून घेऊस. मी आहे ना." ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची. बहीण तर फोनवर दर वेळी म्हणायची, "नशीब काढलंस बाई." आता हेही काम हातचं गेलं तर मशीन विकून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यानेही जड मनाने मान डोलावली होती.

इतक्यात स्वयंपाकघरातून करपट वास आला. "अरे, दूध!" तो ढमीला खाली सोडून धावला. जाता जाता त्याने रिमोट तिच्या हातात कोंबला. "परत आली तर वरचं बटण दाब. खालचं नुसतंच आहे, कशालाच जोडलेलं नाही."

ती मशीनवर अस्तर शिवायला बसली. तेवढ्यात ढमी टेबलावर हजर! उजवा हात कापडावर दाबलेला, म्हणून तिने डाव्या हाताने रिमोट चाचपला आणि न बघताच बटण दाबलं. घाईत रिमोट उलटा धरला होता.

भोंगा वाजलाच नाही. मशीन थांबलं. त्याच्यावरचा दिवा गेला. डोक्यावरचा पंखा मात्र गरगर फिरत राहिला.

सवयीने ती "अहो" म्हणून हाक मारणार होती. पण नजर हातातल्या रिमोटवर गेली. तिने रिमोट डोळ्यांसमोर धरला आणि खालचं बटण पुन्हा दाबलं. दिवा लागला. दाबलं, गेला. दाबलं, लागला. दाबलं, गेला.

एप्रनच्या वेळी तो समोरच्या खुर्चीत बसला होता, हात खिशात घालून. गणवेशांच्या वेळी तर तिच्या मागेच उभा राहून कॉलरचं कौतुक करत होता. बोर्ड उघडताना त्याच्या कपाळावर आलेला घाम तिने स्वतः पुसला होता. देवा रे! घामसुद्धा खरा होता.

तो चहाचे दोन कप घेऊन आला. मशीनचा दिवा गेलेला पाहून त्याचा चेहरा क्षणभर गोंधळला, मग लगेच कळवळला. "पुन्हा बंद पडलं? अरेरे! सरक, मी बघतो..." तिच्या मुठीतला रिमोट दिसला आणि तो बोलायचा थांबला.

"का?" आपण किंचाळू असं तिला वाटलं होतं. आवाज जेमतेम फुटला.

तो चिडला नाही. त्याने कप हळूच खाली ठेवले आणि लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला, "तू रोज बाहेर जायला लागली असतीस. मग मी घरी यायचं ते कुणासाठी?"

ती उठली. प्लग ओढून काढला. वायर गुंडाळली. मशीनवर झाकण बसवलं, कोट खांद्यावर टाकला आणि मूठ धरून मशीन उचललं. जड होतं, पण उचललं.

त्याला खरंच काही उमजत नव्हतं. तो बाजूला सरकून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"अगं, पण कधी आवाज तरी चढवला का मी तुझ्यावर?"