सहाव्या गाठीची अट

“हे तळं मेलंय, बाई. आता त्याला सुखाने जाऊ द्या,” नावाड्यांच्या म्होरक्याने वल्हं थांबवून जाहीर केलं. तेवढ्यात वीतभर मासा पाण्याबाहेर उसळला आणि त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर शिंतोडे उडवून परत गेला. तळं राखणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंनी फक्त वहीवरचं पाणी पुसलं.

म्होरक्याला सगळे इंजिनदादा म्हणत, आणि दादाच्या इंजिनावर तीन वर्षं गंज चढत होता. इंजिनं गाळ ढवळतात, पाणी गढुळतं, तळाच्या पाणवेलींना ऊन मिळत नाही, आणि वेली गेल्या की माशांनी अंडी घालायची कुठे, असं म्हणून समितीने इंजिनाच्या नावा बंद केल्या होत्या. मात्र एक अट होती. पाण्यात सोडलेली मोजणीची थाळी तीन वर्षांत दोरीच्या सहा गाठींपर्यंत दिसायला लागली नाही, तर बंदी उठणार. आज शेवटची मोजणी. मागच्या महिन्याचा आकडा होता तीन गाठी, त्याआधीचा साडेतीन. दादाने सकाळीच इंजिनाला तेलपाणी करून ठेवलं होतं.

बंदीच्या रागात तो तीन वर्षं तळ्यात उतरलाच नव्हता. आज मात्र साक्षीला म्हणून हट्टाने आला होता. वल्हीही त्यानेच धरली होती, कोणी आकड्यात गडबड करू नये म्हणून.

मोजणी करायचे मोजणीमास्तर. नियमच तसा होता. वेळ भर दुपारची, जागा तीच आणि नजरही एकाच माणसाची, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. बारा वर्षं ती नजर मास्तरांची होती. एरवी नाव वल्हवणाऱ्या त्यांच्या सुनेने मोजणीच्या वेळी तोल सांभाळत पलीकडच्या कडेला बसायचं. आज तिथे बाई बसल्या होत्या.

मास्तरांनी काळी-पांढरी थाळी पाण्यात सोडली. गाठी ते बोटांनी चाचपत मोजत होते. एक. दोन. अडीच.

“गेली,” मास्तर म्हणाले.

बाईंनी सुस्कारा सोडून पेनाचं टोपण काढलं. इथे दादाने गप्प बसायचं होतं, बस्स. एवढं सोपं काम आयुष्यात त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

पण धावत्या नावेतून तळाचा मासा नर की मादी हे तो सांगतो, अशी त्याची ख्याती होती, आणि ती त्यानेच पसरवली होती. त्याने वाकून पाहिलं.

“गेली कुठे? ही काय, ताटात वाढल्यासारखी दिसतेय.”

“दिसत असेल तर बोलत राहा,” मास्तर म्हणाले. “मी सोडतो.”

दोरी सरकू लागली. तीन. चार. पाचव्या गाठीला दादाची जीभ अडली. ‘गेली’ एवढा एक शब्द, आणि उद्यापासून इंजिन सुरू. किनाऱ्यावर तो वाटेल तेवढं खोटं बोले. पण पाण्यात काय दिसतं, याबद्दल कधीच नाही. तो धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता. खाली थाळीवरून बोटभर पिल्लांचा घोळका चालला होता. त्यांच्यामागे हिरव्या वेली डुलत होत्या. असं पाणी त्याने लहानपणी पाहिलं होतं.

“पाच,” तो म्हणाला. “सहा.” मग कोणी थांबवायच्या आत, “सात. आठ.”

नवव्या गाठीला थाळी गेली. बंदीच्या विरोधकाचीच साक्ष, म्हणून बाईंनी तोच आकडा दोनदा गिरवला. बंदी कायम.

परतताना दादा वल्ही पाण्यावर नुसती आपटत होता. तीन वर्षं वहीत वाट्टेल ते लिहून, माझ्या इंजिनाला आशा लावून, शेवटी माझ्याच तोंडून वदवून घेतलंत, असं त्याने मास्तरांना बरंच सुनावलं. मास्तर एवढंच म्हणाले, की मला दिसलं तेवढं मी लिहिलं. असल्या डावपेची म्हाताऱ्याशी जन्मात बोलायचं नाही, असं दादाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नाव धक्क्याला लागली. बाई उतरल्या. मास्तर उठले, धक्क्याकडे पाठ करून त्यांनी भर पाण्याच्या दिशेने एक पाय उचलला, आणि तो तसाच अधांतरी धरून थांबले.

“इंजिनदादा, जरा हात द्या हो. धक्का कुठल्या बाजूला आहे?”